‘थोडा करंट मारतो’ म्हणून सोडून देऊ नका

थंडीची चाहूल लागली की वस्तीत गरम पाण्याची चर्चा सुरू होते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी-टॉवेलच्या कारखान्यांत राबणारा आमचा बांधव रात्रपाळी करून घरी येतो, तेव्हा त्याच्या अंगावर सुताची धूळ असते. दिवसभर विड्या वळणाऱ्या मायबहिणीच्या हाताला तंबाखूचा वास असतो. अशा माणसाला बादलीभर गरम पाणी हवे असेल तर ती काही चैन नव्हे. पूर्वी बंब होता, चूल होती. आता सरपण नाही, जागा नाही आणि वेळ तर मुळीच नाही. म्हणून घरोघर रॉड आला आणि आता रॉडच्या जागी इन्स्टंट गिझर येऊ लागला आहे. बादली नको, नळ सोडला की डोक्यावर गरम पाण्याचा फवारा. कष्टकऱ्याच्या घरात ही सोय आली, याचा आम्हाला आनंदच आहे.

आमची तक्रार आहे ती एका वाक्याबद्दल. गिझर कसा चालतो म्हणून कोणालाही विचारा. उत्तर येते, ‘चांगला चालतो, फक्त नळाला हात लावला की थोडा करंट मारतो.’ कोणी म्हणते, ‘स्लिपर घालून आंघोळ करतो, मग काही होत नाही.’ घरातल्या लहान मुलांनाही ते पाठ झालेले असते. आधी बटण बंद करायचे आणि मगच पाण्याला हात लावायचा. सगळे हे हसत हसत सांगतात. वाचकहो, हे हसण्यावारी नेण्याचे वाक्य नाही. ती नोटीस आहे. कार्यालयातून आलेल्या नोटिशीला निदान मुदत तरी असते. या नोटिशीला मुदत नसते.

कोरड्या हाताला बसणारा चिमटा आणि ओल्या अंगाला बसणारा धक्का यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. वीज तीच, २३० व्होल्टची. पण कोरडी कातडी तिला अडवते आणि ओली कातडी वाट करून देते. आंघोळीच्या वेळी अंग ओले, पाय अनवाणी, खाली ओली फरशी आणि वर कडी लावलेले दार. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल पाहिले तर अलीकडच्या वर्षांत आपल्या देशात विजेच्या धक्क्याने मरण पावणाऱ्यांची संख्या वर्षाला बारा हजारांच्या वर दिसते. यातली बरीचशी माणसे आपल्यासारख्याच घरांतली, शेतांतली, कारखान्यांतली असतात.

दुसरा धोका आगीचा. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतच एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि ८ जीव गेले. कारखान्याच्या जागेतच राहणारे मालकाचे कुटुंब आणि कामगार त्यात होते, एक लहान बाळही होते. शॉर्टसर्किट असावे असा पहिला अंदाज तेव्हा वर्तमानपत्रांतून आला होता. त्या दुःखाचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण झोपलेल्या माणसाला वायर हाक मारून उठवत नाही, एवढे त्या पहाटेने आपल्याला शिकवले.

वीज कामगाराच्या दारात यावी, ती स्वस्त आणि मुबलक असावी, ही भूमिका बाबासाहेबांनी फार पूर्वी घेतली होती. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. विजेचा विषय त्याच खात्याकडे होता आणि १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच कारकिर्दीत स्थापन झाले. वीज आली, ती माणसाचे कष्ट कमी करण्यासाठी. तिच्यामुळे घरातला माणूस जाता कामा नये. म्हणून आज थोडा हिशेब मांडू.

हिशेब पाण्याचा आणि घाईचा

वॉटला २३० ने भागले की अँपियर निघतो. पाचवीतले मूलही हे करू शकेल. १५०० वॉटचा रॉड साडेसहा अँपियर ओढतो. २००० वॉटचा टाकीवाला गिझर पावणेनऊ अँपियर ओढतो. ३००० वॉटचा इन्स्टंट गिझर १३ अँपियर ओढतो आणि ४५०० वॉटचा जवळजवळ २० अँपियर. आपल्यापैकी कोणाची मुले-सुना इंग्लंडात असतील तर त्यांच्याकडे थेट फवाऱ्यावर बसणारा ९५०० वॉटचा इलेक्ट्रिक शॉवर दिसेल. तो ४१ अँपियर ओढतो आणि त्याच्यासाठी साधारण १० चौरस मिलिमीटरची जाड केबल स्वतंत्रपणे मेन बोर्डापासून ओढलेली असते. इतर कशालाही ती केबल जोडत नाहीत.

आता गंमत पाहा. २० लिटरची बादली २० अंशांनी गरम करायला सुमारे अर्धा युनिट वीज लागते. रॉडने केली तरी तेवढीच, गिझरने केली तरी जवळपास तेवढीच. फरक वेळेचा. रॉडला वीस मिनिटे लागतात, ३००० वॉटच्या गिझरला दहा. म्हणजे पाणी तेवढेच, युनिट तेवढेच. आपण विकत घेतो ती घाई आणि त्या घाईचा भार वायरीवर पडतो.

हा भार दुप्पट झाला म्हणून वायरीतली उष्णता दुप्पट होत नाही, ती चौपट होते. बहुतेक जुन्या खोल्यांत दिव्या-पंख्यासाठी ओढलेली वायर १ चौरस मिलिमीटरची असते. बोर्डापासून न्हाणीघरापर्यंत १५ मीटर अंतर धरा, जाण्या-येण्याची मिळून ३० मीटर तांब्याची वायर झाली. तिच्यातून १३ अँपियर गेले की वायरीतच जवळजवळ १०० वॉट उष्णता तयार होते. जुन्या काळचा शंभराचा पिवळा बल्ब आठवा. तोच बल्ब भिंतीच्या आत, पाइपात पसरून ठेवल्यासारखे झाले. त्याच जागी ४ चौरस मिलिमीटरची वायर असेल तर हीच उष्णता २५ वॉटवर येते. पहिल्या दिवशी काही कळत नाही. दोन हिवाळ्यांत वायरीचे वेष्टण कडक होते, तडकते, आणि मग कोणत्या तरी पहाटे भिंतीतून जळका वास येतो.

तेव्हा वायरमनला आधी वायरीची जाडी विचारा. २००० वॉटपर्यंत २.५ चौरस मिलिमीटर, ३००० वॉट आणि त्यावर ४ चौरस मिलिमीटर, हे साधे माप लक्षात ठेवावे. वायर अस्सल तांब्याची आणि आयएसआय चिन्हाची हवी. बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर मिळते. ती वजनाला हलकी लागते, तार खरवडली की आतून पांढरी दिसते. तिच्या स्वस्ताईला भुलू नये. गिझरची वायर मेन बोर्डापासून थेट, मध्ये जोड न देता आणावी. पंख्याच्या बोर्डातून तार काढून, पीळ देऊन, वर चिकटपट्टी गुंडाळून केलेला जोड म्हणजे घरात ठेवलेला निखारा समजावा.

एमसीबीचे बटण वारंवार पडते म्हणून १६ अँपियरच्या जागी ३२ चा एमसीबी बसवून देणारे कारागीरही भेटतात. घरमालक खूश होतो, ‘आता पडत नाही’ म्हणतो. पण एमसीबी हा वायरीचा राखणदार आहे. तो ओरडतो म्हणून त्याचे तोंड बांधले, तर चोर आल्यावर तो कसा ओरडणार? एमसीबीचा आकडा वायरीला आणि सॉकेटला झेपेल तेवढाच हवा. १६ अँपियरच्या सॉकेटला १६ चाच एमसीबी हवा. ४५०० वॉटचा गिझर अशा सॉकेटवर चालवूच नये. त्याला वेगळी वायर, वेगळा एमसीबी आणि वेगळा स्विच लागतो.

हिरवी वायर कोठे जाते?

प्लगला तीन पिना असतात. वरची जाड आणि लांब पिन अर्थिंगची. आपल्या घरांत सर्वात जास्त फसवणूक होते ती हिच्याच बाबतीत. सॉकेटला तीन भोके दिसतात, पण वरच्या भोकामागे वायरच नसते. कधी हिरवी वायर बोर्डापर्यंत येते आणि तिथेच गुंडाळून सोडलेली असते. कधी ती न्यूट्रलला जोडून मोकळे होतात, हे तर फार घातक. न्यूट्रलची तार कोठे तुटली तर गिझरचे सगळे धातूचे अंग जिवंत होते. पूर्वी नळाच्या लोखंडी पाइपाला अर्थिंग बांधायची वाईट सवय होती. आता पाइप प्लास्टिकचे झाले, तरी काही ठिकाणी ती सवय गेली नाही.

करंट मारतो तो का मारतो, हेही समजून घ्या. गिझरच्या किंवा रॉडच्या आत तापणारी तार धातूच्या नळीत बंद असते. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे अनेक घरांत बोअरचे जड पाणी वापरले जाते. त्यातले क्षार नळीवर बसतात, नळी जास्त तापते आणि एक दिवस तिला चीर जाते. मग वीज पाण्यात आणि गिझरच्या अंगात उतरते. अर्थिंग चांगले असेल तर ती तिकडून जमिनीत निघून जाते आणि फ्यूज किंवा एमसीबी पडतो. अर्थिंग नसेल तर ती वाट पाहत थांबते, कोणीतरी नळाला हात लावीपर्यंत. म्हणजे ‘थोडा करंट मारतो’ याचा सरळ अर्थ असा : आत बिघाड झालेला आहे, आणि अर्थिंग काम करीत नाही. दोन्ही एकाच वेळी.

अर्थिंग आहे की नाही हे खिशातल्या टेस्टरने कळत नाही. वायरमनला सांगा, फेज आणि अर्थ यांच्यामध्ये शंभर वॉटचा टेस्ट लॅम्प लावून दाखव. दिवा पूर्ण उजेडाने लागला पाहिजे. मिणमिणला किंवा लागलाच नाही, तर अर्थिंग नावालाच आहे. ही तपासणी वायरमननेच करायची, आपण नव्हे. चाळीत दहा खोल्या असतील तर सगळ्यांनी मिळून एक चांगला अर्थिंगचा खड्डा करून घ्यावा आणि प्रत्येक खोलीत त्याची हिरवी वायर आणावी. वर्गणी काढून आपण कितीतरी कामे करतो, त्यातलेच हे एक.

रोजकीर्द जुळली नाही की गाडी थांबली

एवढे करूनही एक पहारेकरी हवाच. त्याचे नाव आरसीसीबी. अनेकांना वाटते, एमसीबी आहे म्हणजे आपण सुरक्षित आहोत. तसे नाही. १६ अँपियरचा एमसीबी १६ अँपियरच्या आत काही बोलत नाही, आणि माणसाचा जीव घ्यायला अँपियरचा दहावा भागही पुरतो. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो.

त्याचे काम आमच्यासारख्या हिशेबाच्या माणसाला लगेच पटते. फेजमधून जेवढी वीज बाहेर गेली तेवढीच न्यूट्रलमधून परत यायला हवी. तो सतत हा जमाखर्च जुळवीत असतो. ३० मिलिअँपियरची, म्हणजे शंभरच्या बल्बला लागणाऱ्या विजेच्या चौदाव्या-पंधराव्या हिश्शाची तफावत आली, की ही वीज भलतीकडे, बहुधा कोणाच्या तरी अंगातून चालली आहे असे समजून तो सेकंदाच्या तिसऱ्या भागाच्या आत पुरवठा तोडतो. घरासाठी ३० मिलिअँपियरचाच घ्यावा, १०० किंवा ३०० चा नव्हे. त्याच्यावर ‘टी’ अक्षराचे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. दाबल्यावर खटका पडला पाहिजे. पडला नाही तर तो बदलावा. पगाराच्या दिवशी दाबायची सवय लावली की विसर पडत नाही.

एक मात्र ध्यानात ठेवा. एकाच वेळी एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला, तर हा पहारेकरीही फसतो. म्हणून तो आहे म्हणून अर्थिंग नको, एमसीबी नको, असे म्हणू नये. तिघेही हवेत. नवा आरसीसीबी साध्या स्मार्टफोनपेक्षा स्वस्त मिळतो. गिझर घेताना हजार रुपये जास्तीचे मॉडेल घेण्यापेक्षा ते पैसे इकडे लावा. भिंतीवरची पांढरी पेटी पाहुण्यांना दिसते, हिरवी वायर दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

जागा, स्विच आणि रॉड

गिझरचा स्विच आणि सॉकेट शक्यतो न्हाणीघराच्या बाहेर असावा. आतच घ्यावा लागला तर पाण्याच्या फवाऱ्यापासून दूर, आंघोळ करणाऱ्याचा ओला हात पोचणार नाही अशा उंचीवर घ्यावा. स्विच फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा, दुपदरी म्हणजे डबल पोल हवा. साध्या स्विचने कधी चुकून न्यूट्रलच तुटतो. बटण बंद असते आणि गिझर आतून जिवंत राहतो. सोळा अँपियरच्या प्लगला कन्व्हर्टर लावून लहान सॉकेटात घालणे, किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर गिझर चालवणे, हे कधीही करू नये. नळालाच बसवायचे स्वस्त प्लास्टिकचे गरम पाण्याचे यंत्र मिळते. त्यावर आयएसआय चिन्ह नसेल आणि अर्थिंगची वायर नसेल तर फुकट दिले तरी घेऊ नका.

ज्यांच्या घरची वायरिंग जुनी आहे त्यांनी यंदा गिझर घेण्याची घाई करू नये, रॉडवर भागवावे. पण रॉडलाही नियम आहेत. आधी रॉड पाण्यात, मग बटण. काढताना आधी बटण, मग प्लग, मग रॉड. पाणी तापले का ते बोट घालून पाहायचे नाही. बादली प्लास्टिकची हवी, लोखंडी नको. आणि मूल रांगते असेल तर चालू रॉड एकटा सोडून स्वयंपाकाला जायचे नाही.

हे काम कोणाचे?

मीटरच्या पुढची वायरिंग ही ग्राहकाची जबाबदारी आहे, महावितरणची नव्हे. पण ग्राहकाची जबाबदारी म्हणजे ग्राहकाने स्वतः स्टुलावर चढणे नव्हे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांप्रमाणे असे काम परवानाधारक ठेकेदाराने, परवाना असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करायचे आहे. शेजारच्या पोराला शंभर रुपये देऊन काम उरकून घेऊ नका. मात्र तोच पोरगा आयटीआयतून तारतंत्री किंवा वीजतंत्री झालेला असेल आणि त्याने परवाना काढला असेल, तर काम जरूर त्यालाच द्या आणि योग्य मजुरी द्या. आपल्या वस्त्यांत शिकलेली अशी मुले आहेत. त्यांनी परवाने काढावेत, हेही आमचे सांगणे आहे.

वीजबिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो. एक किलोवॉट मंजूर असताना तीन किलोवॉटचा गिझर लावला, तर खांबावरून येणारी वायरही तापते. आधी महावितरणकडे अर्ज करून भार वाढवून घ्यावा. जुन्या चाळीतून नव्या घरात गेलेल्यांनीही हे पाहावे. अक्कलकोट रस्त्यावर पुढे कुंभारीला रे नगरमध्ये १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांना १५,००० घरांचा ताबा मिळाला. घर नवे म्हणून वायर गिझरची असेलच असे गृहीत धरू नये. उघडून, पाहून, विचारून मगच यंत्र बसवावे.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची अडचण आम्ही जाणतो. वायरिंग मालकाची आणि जीव भाडेकरूचा. एकट्याने बोलले तर ‘खोली खाली कर’ ऐकावे लागते. म्हणून सगळ्या भाडेकरूंनी मिळून, लेखी, तारीख घालून मागणी करावी आणि प्रत आपल्याजवळ ठेवावी. कारखान्याच्या आवारात राहणाऱ्या कुटुंबांनी तर हे आधी करावे. दाद लागली नाही तर विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात अर्ज देता येतो.

आणि शेवटी, देव न करो म्हणून हात जोडण्यापेक्षा हे पाठ करा. कोणाला धक्का बसून तो चिकटला तर त्याला हात लावायचा नाही. धरायला धावलेला दुसराही जातो. आधी मेन स्विच बंद. तो सापडत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला वायरीपासून दूर ढकला. मग १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध जोराने आणि भराभर, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाब देत राहा, मदत येईपर्यंत. मेन स्विच कोठे आहे हे घरातल्या दहा वर्षांच्या मुलालाही माहीत असले पाहिजे.

आयाबहिणींनो, बांधवांनो, या आठवड्याला एवढेच काम करा. ज्या घरात ‘थोडा करंट मारतो’ असे कोणी म्हणेल, त्या घराचा गिझर किंवा रॉड त्याच क्षणी बंद करायला लावा आणि परवाना असलेला वायरमन येईपर्यंत तो चालू होऊ देऊ नका. चार दिवस गार पाण्याने आंघोळ केली, तर कोणाचे काही बिघडत नाही.